दहा पट्ट्यांचा कॉर्ड

वेदिका पियानोची पाचवी ग्रेड पास झाली. आता सहावीसाठी तीन पीस निवडायचे होते. एक छोटा फ्यूग आणि एका सोनाटाचा पहिला भाग मी काढून ठेवला होता. तिसरा तिनेच शोधला, माझ्या कपाटाच्या तळाशी.

"बाई, हे नॉक्टर्न का नाही? मी फोटो काढून घरी कीबोर्डवर थोडं बसवलंयसुद्धा."

पिवळ्या पानावर पेन्सिलीने माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: कॉर्ड मोडायचा नाही.

एकेचाळीस वर्षांत ते पान मी कुणाला दिलं नव्हतं.

"तुझा हात लहान आहे," मी म्हणाले.

"हे तुम्ही सगळ्यांनाच सांगता. त्या स्वरूपचा पंजा फणसाएवढा, त्यालाही दिलं नाहीत."

"बरं, वाजव," म्हणून मी चहा ठेवायला आत गेले. खरं तर मला तिथे थांबवत नव्हतं.

त्या नॉक्टर्नमध्ये डाव्या हाताला दहा पट्ट्यांच्या अंतराचा एक कॉर्ड आहे, सगळे स्वर एकदम दाबायचे. हात पुरत नसेल तर तो मोडून घेतात. खालचा स्वर आधी, वरचे मागून. एकेचाळीस वर्षांपूर्वी स्वप्ना या माझ्या विद्यार्थिनीला मी ते करू दिलं नाही. ती चौदाची, मी तिशीची. रत्नागिरीची मुलगी मुंबईच्या परीक्षकांसमोर काय वाजवते, हे मला दाखवायचं होतं. ती रोज हात ताणायची. "दुखत नाही, बाई," म्हणायची. परीक्षेच्या आठवड्यात मनगट सुजलं आणि तो हात पुन्हा कधी धड झाला नाही. अजून मच्छी मार्केटात भेटते. पिशवी नेहमी उजव्या हातात. मला बघून हसते. त्या दिवशी घरी आलं की पियानो बंद असला तरी मला तो कॉर्ड ऐकू येतो.

आताही आला. सगळे स्वर एकदम, वरचा जरा जोरात, स्वप्ना वाजवायची तसाच. पण या वेळी तो बाहेरच्या खोलीतून आला होता. मी गॅस बंद केला.

वेदिका डावं मनगट दाबून बसली होती.

"दुखतंय?"

"नाही, बाई. दुखत नाही."

मी तिच्याशेजारी बसले, तिचा हात हातात घेतला आणि स्वप्नाचं सगळं सांगितलं. त्या खोलीत इतक्या वर्षांत ते नाव मी घेतलं नव्हतं.

तिने पानावरच्या पेन्सिलीच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आणि त्यांनी मोडून वाजवला असता तर?"

"तर पास झाली असती."

मी फॉर्मवर नॉक्टर्न लिहिलं. आठ दिवस पियानोला हात लावायचा नाही आणि नंतर कॉर्ड मोडूनच घ्यायचा, असं तिला बजावलं.

ती गेल्यावर मी स्वतः तो मोडून वाजवला. खालचा स्वर, मग वरचे. पुन्हा वाजवला. कानाला कुठेच काही खटकलं नाही.