हद्दीवरचा भेरूजी

मित्रांनो, येणारेजाणारे मला भेरूजी, म्हणजे भैरव, म्हणून हात जोडतात, म्हणून मी आजवर गप्प बसलो. पण देवबीव मी मूळचा नाही. मी हद्दीचा एक जुना दगड आहे.

माळव्याच्या काळ्या खडकातून मला फोडून काढलं. पाथरवटाने डोक्यावर छिन्नीने फुली मारली आणि देवासहून टोंकखुर्दकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, दोन जागांच्या मधोमध मोजणीवाल्यांनी मला पुरलं. अर्धा आत, अर्धा बाहेर. माझं काम एकच, न हलणं. ते मी मन लावून करत होतो.

माझ्या एका अंगाला बकुळाबाईंचं घर उभं राहिलं, दुसऱ्या अंगाला भवानीबाईंचं. बकुळाबाई मराठी, त्यांच्या सासरचे पूर्वज दरबारातले मानकरी. भवानीबाई इथल्याच, माळवी. दोघी तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. पुरणपोळी इकडून तिकडे आणि बाफले तिकडून इकडे, माझ्या डोक्यावरून जायचे.

मग कुणाची तरी हरवलेली म्हैस माझ्याशी अंग घासताना सापडली. तिच्या मालकाला इतका आनंद झाला, की त्याने मला शेंदूर फासला. झालं! उदबत्त्या आल्या, नारळ आले. शेंदराखाली डोक्यावरची फुली बुजली आणि मी मुळात इथे कशासाठी आहे, तेही लोक विसरले.

पावसाळ्यात माझ्याभोवती मोरीचं पाणी तुंबायचं.

"बाईसाब, भेरूजी कीचड में बैठा हे, यो नी चले," भवानीबाई एकदा म्हणाल्या.

"मग उचलू या की. माझ्या अंगणात उंचवटा आहे, तिथे बसवू," बकुळाबाई म्हणाल्या.

पहारीने उकरून, गोणपाटावर घालून दोघींनी मला ओढत नेलं. वाटेत हसून हसून दोनदा खाली बसल्या. 'अहो, मी हललो की जमीन हलते!' असं मला ओरडायचं होतं. पण त्यांनी मला इतक्या मायेने धुतलं-पुसलं, की ओरडता आलं असतं तरी मी ओरडलो नसतो.

पुढे भवानीबाईंच्या घरी नवी रसोई बांधायला काढली. मिस्त्रीने विचारलं, भिंत कुठपर्यंत? भवानीबाईंचे यजमान सरळ मनाने म्हणाले, "भेरूजी तक." बकुळाबाईंचे यजमान मानसिंगराव ओट्यावरून पाहत होते. मिशीवरून हात फिरवून ते म्हणाले, "शेजाऱ्याच्या दारात टेप घेऊन उभं राहायचं? आपल्या घराण्याला शोभतं का ते?" आणि आत निघून गेले. घराण्याची शोभा राहिली, जमिनीची पट्टी गेली. भवानीबाईंची चूल त्या पट्टीवर पेटली.

वर्षं गेली. दोघींचे यजमानही गेले. बकुळाबाईंचे गुडघे धरले, तेव्हा त्यांचा मुलगा रणवीर त्यांना इंदूरला न्यायला आला. घर विकायचं ठरलं. आरोही नावाच्या एका शिक्षिकेला आणि तिच्या नवऱ्याला ते आवडलं. आता फक्त रजिस्ट्री राहिली होती.

पण खरेदीखत लिहायला घेतलेल्या विनोदिनी वकीलबाई निराळ्या. जागा पायाखाली घातल्याशिवाय लेखणी उचलायची नाही, हा त्यांचा नेम. सगळ्यांना घेऊन त्या अंगणात आल्या, सरकारी नकाशा उलगडला आणि थबकल्या.

"काकू, नकाशात रेषा सरळ आहे. तुमच्याकडे ती भेरूजीसाठी वाकलेली दिसते."

"वाकणारच," बकुळाबाई म्हणाल्या. "आम्ही दोघींनीच नाही का त्याला इथे आणला! तिकडे चिखल असायचा."

सगळे रसोईच्या भिंतीकडे पाहू लागले. भिंतीपलीकडे फोडणी तडतडली.

रणवीरने आवाज खाली केला. "आई, तू काही बोलू नको ना. वकीलबाई, रजिस्ट्री पूरी जमीन की कर दो. पुढचं लेनेवाले आणि भवानीकाकी बघून घेतील."

"बघून घेतील म्हणजे रसोई पाडायला लावतील," वकीलबाई म्हणाल्या. "आणि माहीत असलेली खोट लपवून विकली, तर कायदा आधी विकणाऱ्यालाच धरतो. तुझ्या आईला या वयात कोर्टाची पायरी चढवायची आहे का? एवढ्या वर्षांच्या कब्ज्यानंतर कोण जिंकेल, ते मी सांगू शकत नाही. पण दोघींचं म्हातारपण तारखांमध्ये जाईल, एवढं नक्की."

भवानीबाई झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. "म्हारा चूल्हा के कोई हाथ तो लगई ने देखे! भेरूजी यां बैठा, तो हद बी यां!"

"भवानी, भेरूजी आपणच बसवला ग," बकुळाबाई हळूच म्हणाल्या.

भवानीबाईंचा झारा खाली आला. माझ्याकडे पाहून त्या मटकन बसल्या. "तो अब कई? इस उमर में दूसरे के आंगन में रोटी सेकूं?"

मित्रांनो, दगडाला पाझर फुटतो की नाही ते मला ठाऊक नाही. पण त्या वेळी जमिनीत शिरता आलं असतं, तर मी शिरलो असतो.

"मी ही पट्टी तुला देऊन टाकते," बकुळाबाई म्हणाल्या.

"दान बामण को दो, बाईसाब. म्हने मुफत नी चइये."

मग आरोही पुढे झाली. "मला रोज यांच्या शेजारी राहायचंय. शेजारणीची चूल पाडून मी वास्तुशांत कुठल्या तोंडाने करू? जमीन थोडी कमी द्या, पण खरी द्या."

वकीलबाई हसल्या. "कमीही नको. मागे भवानीबाईंची लाकडं ठेवायची जागा रिकामीच आहे. चुलीखालची पट्टी त्यांना, तेवढीच मागची जागा काकूंना. अदलाबदल. पण तोंडी नाही हं! आधी सीमांकन, मग विनिमयाचा लेख, त्याची रजिस्ट्री, सरकारदप्तरी दोघींच्या नावांचं नामांतरण. मगच आरोहीच्या नावाने खरेदीखत."

"बहुत टाइम लागेल," रणवीर कुरकुरला.

"लागू दे," बकुळाबाई म्हणाल्या. "तेवढीच तिच्याशेजारी राहीन."

पटवारी आले, मोजणी झाली, सिमेंटचे नवे खांब रोवले गेले. लेखाचा मसुदा वकीलबाईंनी अंगणातच मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एक वाक्य माझ्यावर होतं. 'रसोईच्या भिंतीलगत असलेला शेंदूर लावलेला दगड ही हद्दीची खूण नसून देवस्थान आहे. तो उभय पक्षांनी जागेवरून हलवू नये.'

म्हणजे मित्रांनो, सरकारी शिक्क्याने माझी नोकरी गेली आणि देवपण कायम झालं! सुरुवातीला वाईट वाटलं. पण रजिस्ट्रीहून परतल्यावर भवानीबाई चुलीपाशी बसून सुटकेने जे रडल्या, ते ऐकून वाटलं, नोकरी गेली ती चांगल्या कामाला गेली.

इंदूरला निघण्याच्या दिवशी बकुळाबाई मला नमस्कार करायला वाकल्या, तर गुडघ्यांमुळे उठताच येईना. एका बाजूने भवानीबाईंनी धरलं, दुसऱ्या बाजूने आरोहीने. कोण कुणाच्या हद्दीत उभं होतं, ते मी पाहिलं नाही. आता ते माझं काम नव्हतं.

तेव्हा माझी एवढी विनवणी ऐका. उद्या मोठे होऊन घर घ्याल, तर नुसत्या कागदावर भुलू नका. जागेवर चालून पाहा, मोजून घ्या, शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून चहा प्या, आणि जे ठरेल ते लिहून, रजिस्टर करून ठेवा. विकणार असाल, तर खोट आपणहून सांगा. आणि माझे जातभाई अजून शेताशेतांत, वाड्यावस्त्यांत उन्हापावसात उभे आहेत. त्यांना शेंदूर लावा, नारळ वाहा, ते नाही म्हणणार नाहीत. पण चिखलात दिसले, तर त्यांना उचलू नका. चिखल काढा.