माझं गाढव बुडालं नाही

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे, आणि रागाने माझं एकेक पान थरथरतंय. क्रोएशियातल्या एका बेटावर, शाळेच्या कपाटात चाळीस वर्षं माझा मुक्काम आहे. माझ्यात एका गाढवाची गोष्ट आहे.

छापखान्यात माझी पानं कापताना कुणीतरी घाई केली. एकोणपन्नास ते चौसष्ट ही पानं वरच्या कडेला जोडलेलीच राहिली. सुरी एकदा फिरवली असती तर काम झालं असतं. पण त्यासाठी तिथवर वाचायला तर हवं ना!

इथल्या चौथीच्या मुलांनी दर महिन्याला एक पुस्तक घरी वाचून वहीत सारांश लिहायचा असतो. मार्चमध्ये माझी पाळी. मुलं मला आळीपाळीने घरी नेत, माझ्यावर जॅमचा पाव ठेवत आणि मोठ्या भावंडाची जुनी वही उतरवून काढत. अठ्ठेचाळिसाव्या पानावर गाढव वादळात समुद्राकडे धावतं. पासष्टाव्या पानावर सगळं गाव किनाऱ्यावर रडतंय. माझ्या पहिल्याच वाचकाने लिहून टाकलं, 'गाढव बुडालं.' झालं! तेव्हापासून माझं बिचारं गाढव दर मार्चमध्ये बुडतंय आणि पोरांना पाचपैकी पाच मिळताहेत.

यंदा मला टोंकाने नेलं. ती ओळीखाली बोट धरून सावकाश वाचते, म्हणून वर्गात तिला सगळे गोगलगाय म्हणतात. जोडलेल्या पानांशी ती अडली. तिचे आजोबा ओट्यापाशी मासे साफ करत होते.

"आजोबा, सुरी द्या ना. पुस्तक उघडत नाहीये."

"थांब गं बये, आधी धुऊ दे. नाहीतर तुझ्या बाईंना तारलीचा वास यायचा!"

त्यांनी अलगद पानं सोडवली. चाळीस वर्षांनी माझ्या पोटात वारा शिरला हो! आत गाढव तोंडात दोर धरून दोन बुडत्या कोळ्यांना ओढून आणतं, आणि गाव आनंदाने रडतं. टोंकाने तेच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुब्राव्का बाईंनी तिची वही टेबलावर आपटली. "गाढव वाचलं? काहीतरीच काय! न वाचताच लिहिलंस ना? एक गुण. नापास."

पोरं फिदीफिदी हसली. टोंकाचे डोळे भरून आले. जिने एकटीने मला वाचलं, तीच खोटारडी? माझं तर डोकंच फिरलं!

पण टोंका उठली आणि तिने मला बाईंपुढे उघडून ठेवलं. "बाई, ही पानं चिकटलेली होती. काल आजोबांनी कापली."

बाईंनी नुकत्याच कापलेल्या कडांवरून बोट फिरवलं. मग माझ्या मागच्या पुठ्ठ्यातलं, मला नेणाऱ्या मुलांच्या नावांचं कार्ड काढलं. सगळ्यात वर, वेड्यावाकड्या अक्षरांत, पहिलं नाव होतं: दुब्राव्का, चौथी.

बाईंचा चेहरा लाल झाला होता.

"पोरांनो," त्या म्हणाल्या, "गाढवाला पहिल्यांदा मीच बुडवलं. न वाचता." त्यांनी टोंकाचा एक खोडून पाच केला. "आता तू वाच, टोंका. तुझ्या चालीने."

टोंका बोट धरून वाचत राहिली. मधली सुट्टी झाली तरी कुणी उठलं नाही.

मित्रांनो, मला जपा, पण कपाटात बंद करून नव्हे. हळू वाचा, अडखळा, हवं तर अर्ध्यात सोडा आणि तसं खरं सांगा. फक्त न वाचता माझ्या गाढवाला पुन्हा बुडवू नका.