कुपीतली न पुसणारी रेघ

मित्रांनो, परळच्या एका प्रयोगशाळेत जाड आडोशामागे बसलेली जुनी पोलादी कुपी ती मीच. रे रोडच्या एका कारखान्यात लेथवर माझा जन्म झाला. पोटाला काचेची खिडकी बसवली आणि माझा भाव वधारला. माझ्या पोटात द्रव आणि वायू प्रचंड दाबाखाली कोंडतात. तापवत नेलं की एका क्षणी दोघांमधली रेघ पुसली जाते. कोण द्रव, कोण वायू, कळेनासं होतं. तो क्रांतिक बिंदू.

संघमित्राने वर्षभर संगणकापुढे खपून एका मिश्रणाचा हा बिंदू आधीच काढला होता. मिश्रण मोठं द्वाड, एकत्र आलं की निराळंच काही बनू लागणारं. तिचा आकडा खरा की खोटा, ते माझ्या पोटात ठरायचं होतं.

मला भरून, हीटर मंद लावून ठेवलं आणि खंडेनवमी आली. तिचा सहकारी स्वप्नील याने मला झेंडू वाहिला. पूजलेल्या हत्याराला हात लावायचा नाही, ही त्याच्या घरची रीत. संघमित्राच्या घरी ही पूजा नाही, पण त्याचं मन कशाला मोडा, म्हणून तीही लांब राहिली. या भिडेत माझा हीटर मंद चालूच राहिला.

दसरा उलटल्यावर प्रयोग सुरू झाला. तिने काढलेलं तापमान आलं, पण रेघ जागची हलेना.

"अजून तापवूया," स्वप्नील म्हणाला. "तुझा आकडा थोडा इकडेतिकडे असेल गं."

दाबाचा काटा लाल पट्टीला टेकला. माझे बोल्ट कुरकुरू लागले. मी भयंकर घाबरले. मी फुटले असते, तर आडोशानेही या पोरांना वाचवलं नसतं.

संघमित्रा कॅमेऱ्यातून माझ्या खिडकीत बघत होती. एकदम ओरडली, "थांब रे! आपण भरलं ते हे राहिलंच नाही. सुट्टीभर शिजलंय, पाणी सुटलंय आत. ही रेघ आता त्या पाण्याची, ती पुसायची नाही. बंद कर!"

"आणि तुझी वर्षभराची मेहनत?"

"ती ताज्या मिश्रणाची होती. हीटर बंद कर आधी!"

काटा हळूहळू उतरला. संघमित्राचे डोळे भरून आले होते, तरी तिने तिथेच बसून गणित नव्याने मांडायला घेतलं. या वेळी आत काय काय बदलत जातं, तेही धरून.

मित्रांनो, हिशेब जरूर करा, पण मध्येमध्ये आत डोकावत जा. आणि माझी पूजा राहिली तरी चालेल, मला हात मात्र लावत जा.