हॉल धुण्याची अट

आमच्या कॉलनीत अध्यक्ष निवडायची पद्धत सोपी आहे. जो बैठकीला येत नाही, तो अध्यक्ष. गेल्या वर्षी मी भाचीच्या लग्नाला आष्टीला गेले आणि परत आले तर गेटवरच लोक अभिनंदन करायला लागले. एकमतानं, टाळ्या वाजवून माझी निवड झाली होती. माझा सगळा जन्म शाळेत पोरांना ओरडण्यात गेला, तेव्हा बाई इथंही ओरडेल असा त्यांचा हिशेब असावा. तो चुकला नाही. ओरडतेच मी.

जालन्यात अंबड रोडला आमची रो-हाउसेस आहेत. निम्मी घरं गावाकडं शेती ठेवून शहरात आलेल्यांची, निम्मी नोकरदारांची. कोणाची गाडी कोणाच्या दारात लागते, टँकर आधी कोणत्या गल्लीत जातो, कोणाचं कुत्रं कोणाच्या तुळशीवर पाय वर करतं, हे माझ्या राज्यकारभाराचे विषय. या पदाला पगार नाही, रजा नाही, आणि मान म्हणाल तर गणपतीच्या आरतीपुरता.

अशात दोन नंबर गल्लीतल्या मालनमावशी गेल्या. राजानंद सरांच्या आई. राजानंद सर पॉलिटेक्निकला शिकवतात, त्यांची बायको भावना पोस्टात आहे. मावशी सगळ्या कॉलनीच्या मावशी होत्या. माझ्याशी तर रोज संध्याकाळी कॉलनीच्या हॉलच्या पायरीवर बसून भांडायच्या, आणि भांडण अर्धं राहिलं की उद्यावर टाकून घरी जायच्या.

चार दिवसांनी सर माझ्याकडं आले.

"मॅडम, आईचं पुण्यानुमोदन रविवारी हॉलमधी करावं म्हणतो. घरात एवढी माणसं मावणार न्हाईत. अन् खरं सांगू का, तिला तो हॉल आपलाच वाटायचा. बांधकाम चालू व्हतं तवा स्लॅबवर पाणी मारायला रोज तीच जायची."

"करा की. विचारताय काय?" मी म्हटलं.

अध्यक्षानं इतक्या लवकर हो म्हणू नये, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. रामराव आले. रामराव म्हणजे आमचे उपाध्यक्ष. आष्टीकडं शेती, इथं बियाणांचं दुकान. एरवी माणूस लाखात एक. कोणाच्या घरी लग्न असो की मयत, खुर्च्या उचलायला सगळ्यात पुढं. ते आले आणि चहाला नको म्हणाले, तेव्हाच मी समजले.

"मॅडम, सोमवारी तृप्तीचा साखरपुडा हाये त्याच हॉलमधी. तुम्हाला माहीत हाये. अन् आदल्या दिवशी तिथं मयताचा कार्यक्रम?"

दुसरा कोणी असता तर मी झापलं असतं. पण त्यांच्या मुलीचं, तृप्तीचं मागचं मला ठाऊक होतं. तिचं एकदा जमलं होतं. साखरपुड्याच्या आठवड्यातच मुलाकडचे आजोबा वारले, आणि पोरीचा पायगुण बरा नाही म्हणून त्या लोकांनी लग्न मोडलं. ती सहा महिने दारात आली नव्हती. आता वडीगोद्रीचं चांगलं स्थळ आलं होतं, आणि रामराव रस्त्यावरून मांजर गेलं तरी थांबत होते.

मी समितीला माझ्या ओसरीवर बोलावलं. सर दुःखात आहेत म्हणून त्यांना निरोप दिला नाही. अर्ध्या तासात तोडगा निघाला, तोही माझ्याच डोक्यातून. रविवारी पुण्यानुमोदन व्हावं, आणि संध्याकाळी सोसायटीनं टँकर मागवून हॉल स्वच्छ धुवून द्यावा. खर्च सोसायटीचा. रामरावांचा चेहरा खुलला. "बराबर," ते म्हणाले, "मंग माझी काहीच हरकत न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी इतकी खूश झाले की चहाबरोबर घरातला चिवडाही काढला.

निर्णय सांगायला मी स्वतः सरांकडं गेले. वाटलं, आभार मानतील.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "धुवायचा?"

"म्हणजे स्वच्छ करायचा हो. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम आहे ना."

"सोमवारी साखरपुडा झाल्यावर बी धुणार का?"

"छे, तेव्हा कशाला," मी बोलून गेले, आणि माझी जीभ तिथंच थांबली.

"मंग राहू द्या मॅडम," सर शांतपणे म्हणाले. "जुन्या जालन्यात एक हॉल भेटून राह्यला. तिथं करतो."

भावना आतल्या दारात उभी होती. तिनं आवाज चढवला नाही. "मॅडम, सासूबाई लहान असताना त्यांच्या गावात त्या ज्या ओट्यावर टेकायच्या, तो ओटा लोक पाणी टाकून धुवायचे. त्या हे हसत सांगायच्या. आमच्यानं हसणं व्हत न्हाई."

माझे कान तापले. ज्या बाईशेजारी मी रोज पायरीवर बसले, तिच्या माघारी तिचीच जागा धुवायचा ठराव मी पास केला होता, वर चिवडा वाटून. तिथून उठले ती थेट रामरावांच्या घरी.

नंदाबाई, त्यांची बायको, साखरपुड्याचे लाडू वळत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. रामराव खरोखर दुखावले.

"मी तसं म्हणलोच न्हाई मॅडम. माझी माय गेल्ती तवा मी सगळं घर धुतलं व्हतं. सुतकाचं असतं ते. ह्यात जात कुठून आली?"

"तुमच्या मनात नव्हती. माझ्याही नव्हती. म्हणून तर दोघांनाही ती दिसली नाही. पण मावशींनी ते पाणी डोळ्यांनी बघितलंय, रामराव. आता तुम्ही त्यात फिनाईल टाका नाहीतर गुलाबपाणी, त्या घराला तेच पाणी दिसणार."

रामराव खाली बसले. मग हळूच म्हणाले, "अन् माझ्या पोरीचं काय? पुन्हा मोडलं तर?"

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण माझा विश्वास नसण्याचा त्यांना काय उपयोग?

"मी अट काढून टाकतेय," मी म्हटलं. "रविवारी हॉल त्यांचा, सोमवारी तुमचा. मध्ये झाडू लागेल, रोज लागतो तसा. तुमच्या मनाला पटत नसेल तर साखरपुड्याला दुसरी जागा मी हिंडून शोधून देते. पण हॉल धुतला जाणार नाही."

एरवी रामराव मला फाटकापर्यंत सोडायला येतात. त्या दिवशी आले नाहीत.

समितीतल्या प्रत्येकाच्या दारी जाऊन मी अट मागे घेतल्याचं सांगितलं. दोघांनी तोंड वाकडं केलं, त्यांना माझा शाळेतला आवाज ऐकवला. मग सरांकडं गेले आणि चुकले म्हणाले. सरांनी भावनाकडं पाहिलं. ती म्हणाली, "इथंच करू. पण कोणावर जबरदस्ती नको मॅडम. ज्याला यायचं तो येईल."

रविवारी हॉलमध्ये पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. समोर बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, आणि शेजारी मालनमावशींचा फोटो. फोटोतही त्या आता भांडायला सुरुवात करतील अशाच दिसत होत्या. मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं. कॉलनीतली बरीच माणसं आली होती. मी दारापाशी बसून येणारा जाणारा मोजत होते असं नाही, पण रामराव आले नव्हते हे मला दिसत होतं. राग आला. रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. सरही बोलता बोलता दोनदा दाराकडं पाहून गेले.

आठवणी सांगून झाल्या आणि लोक फुलं वाहायला उठले, तेव्हा रामराव आत आले. मागं नंदाबाई. आणि तिच्या मागं तृप्ती.

हॉलमध्ये कुजबुज झाली. आमच्याकडं जिचा उद्या साखरपुडा, त्या पोरीला असल्या कार्यक्रमाच्या वाऱ्यालाही उभं करत नाहीत. तिच्या दोन्ही हातांवर ताजी मेंदी होती. रामरावांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असावेत. माणूस घाबरलेला होता, अगदी उघड घाबरलेला.

राजानंद सर घाईनं पुढं आले. "रामराव, तिला कशाला आणलं? उद्या तिचा..."

"उद्याचं उद्या," रामराव म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "तिला घरी ठेवून मी आलो असतो सर, तर मी आलो असं झालंच नसतं."

मग ते तृप्तीकडं वळले. "वाहा, पोरी. आजीच व्हती ती तुझी."

तृप्तीनं मेंदीच्या ओंजळीत फुलं घेतली आणि फोटोपुढं वाहिली. ती वाकली तेव्हा नंदाबाईनं डोळे मिटून घेतले.

सर इतक्या दिवसांत आमच्यासमोर एकदाही रडले नव्हते. अंत्यविधीला नाही, मी ती अट घेऊन गेले तेव्हा नाही. आता मात्र ते रामरावांच्या खांद्यावर डोकं टेकून रडले, आणि रामराव त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.