साखराबाईंच्या हातातला मणी

मुखेडच्या बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा जास्त गर्दी आनंदराज महाराजांच्या पत्र्याच्या शेडसमोर होती. मणी झुलत असताना महाराज स्वतः कशालाच हात लावत नसत, हीच त्यांची करामत. दोऱ्याला बांधलेला काळा मणी ते भक्ताच्याच हातात देत.

"मणी डावी-उजवीकडं आडवा झुलला तर निर्दोष, मागं-पुढं उभा झुलला तर दोषी! मी कोण सांगणारा? मी तर देवाचा पोस्टमन!"

दोरा साखराबाईंच्या हातात होता. आमची ओळख दवाखान्यातली. मी रेणुकादास, निवृत्त विज्ञानशिक्षक. बायको गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून मीही मनाच्या आजाराच्या गोळ्या घेतो. त्यात लाजायचं काय? दर मंगळवारी समुपदेशक भार्गवी मॅडम आम्हा पेशंटांना ताण उतरवायला मुठी आवळून सैल सोडायला शिकवतात. साखराबाई तीन मंगळवार आल्या नाहीत, म्हणून मी आणि मॅडम शोधत आलो होतो.

"हिची पोरगी तापानं गेली. दोष हिचाच का?" महाराजांनी मण्याला विचारलं.

मणी थरथरला आणि उभा झुलू लागला. लोकांनी हात जोडले.

"बगा!" साखराबाईंचे दीर चंद्रप्पा म्हणाले. "उगंच ताट येगळं ठिवलंय का हिचं? गोळ्या बी बंद केल्यात. गोळीनं देवाचा कौल झाकतो म्हनले महाराज."

माझं डोकंच फिरलं. खाली लोहचुंबक असणार या खात्रीनं मी मण्याखालचा लाकडी पाट उलटा केला. काही नव्हतं. लोक खो खो हसले. जन्मभर विज्ञान शिकवून माझी अशी फजिती झाली.

भार्गवी मॅडमनी दोरा शेडच्या खिळ्याला बांधला. "आता विचारा."

महाराजांनी तीनदा विचारलं. मणी ढिम्म.

"खिळ्याला आत्मा नसतो, बाई!"

"बरं. मावशी, तुम्हीच धरा. पण आता नियम उलटा. आडवा म्हणजे दोषी."

तोच प्रश्न. मणी आडवा झुलला.

"देवाचा कौल असता तर मी नियम उलटा केला म्हणून मणी फिरला नसता, उभाच झुलला असता," मॅडम म्हणाल्या. "मनात जे पक्कं बसलंय, तिकडं बोटं नकळत केसभर हलतात. दोऱ्याच्या टोकाला ते मोठं दिसतं."

"म्हंजी म्याच मला दोषी म्हनून राहिले?"

"हाव, मावशी. शेजारणीची लेक अशी गेली असती, तर तिला काय म्हणाला असता?"

"म्हनले असते, माय, दवाखान्यात नेलतीस की. आनि काय करनार व्हतीस?"

"तेच स्वतःला म्हणा. मूठ आवळा. आता सोडा."

मूठ सुटली, मणी खाली पडला. महाराजांनी तो उचलून पुढच्या बाईच्या हातात दिला. निम्मी गर्दी तिथंच थांबली.

घरी येऊन मी बायकोची, लताची, अंगठी दोऱ्याला बांधली. तिला दवाखान्यात न्यायला मीच उशीर केला का, विचारलं. सगळं कळत असूनही अंगठी उभी झुलली. मला रडू आलं. मग मूठ आवळली, सोडली, आणि मित्राला म्हणालो असतो ते स्वतःला म्हणालो.

वाचकहो, मण्यात देव नसतो, आपलीच भीती असते. तिला कौल मानू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सोडू नका. आणि घरातल्या दुखावलेल्या माणसाचं ताट वेगळं करू नका.

मंगळवारी साखराबाई आल्या. ताट अजून वेगळंच आहे म्हणाल्या.

"पर आता पोटभर जेवते, सर. आनि वरून गोळी घेते."