शिफ्टचं निमित्त

"ड्युटी लागली म्हणून सांग त्यांना," महिपती मागच्या पडवीतून कुजबुजला.

"अवो, ते आपल्याच ओटीवर बसलेत!" त्याच्या बायकोने, सरूने कपाळावर हात मारला. "आणि तुमची गाडी अंगणात उभी हाय."

गडब गावातल्या त्या घरी आज पेणहून मुलाकडची माणसं आली होती. त्यांच्या लेकीचं, मृणालीचं लग्न जवळजवळ ठरलंच होतं. खोळंबा एकच, मुलीच्या बापाचं तोंड अजून कुणी पाहिलं नव्हतं. पेणला पसंतीच्या बैठकीला महिपती गेला नाही, पुढच्या बोलण्यांच्या वेळीही नाही. दोन्ही वेळा शिफ्ट आडवी आली होती. रोह्याच्या कंपनीत बॉयलरवर सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाचं हे कारण कोण नाकारणार? बॉयलरशी त्याचं छान जमे. माणसं मात्र चारपेक्षा जास्त झाली की छातीत धडधड सुरू होई, तोंडाला कोरड पडे आणि पाय आपोआप मागच्या दाराकडे वळत. भावकीत त्याला शिष्ट म्हणत. त्यानेही ते कधी खोडलं नाही. भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा शिष्ट बरा.

ओटीवरून मुलाच्या आईचा, गिरजाबाईंचा आवाज आला. "तिसरी खेप ही. आमच्यात बसायला कमीपणा वाटत असंल तर तसं सांगा. आम्ही उठतो."

"बाबा तसे नायत हो..." मृणालीचा आवाज चिरकला. मग ते कसे आहेत, हे तिलाही सांगता येईना.

महिपतीने ते ऐकलं. शर्टाची वरची गुंडी लावून तो ओटीवर आला. सात-आठ तोंडं एकदम वळली. त्याने खांब धरला.

"कमीपणा नाय," तो म्हणाला. "आणि शिफ्टबी नव्हती. दोन्ही वेळा सुट्टीच होती. पेणला तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो, तिथनं माघारी फिरलो. मला... चार माणसांत बसलो की भीती वाटते. लहानपणापासनं. हात कापतात. सगळी आपल्याकडंच बघतात असं वाटतं."

मुलाचा मामा हसला. बाकी कुणीच हसत नाही म्हटल्यावर गप्प झाला.

"दहावीला तुझा सत्कार होता शाळेत," महिपती मृणालीकडे न बघता म्हणाला. "मी आलो होतो गो. फाटकाबाहेर उभा होतो. तुझं नाव पुकारलं, टाळ्या वाजल्या, सगळं ऐकलं. मग कामावर गेलो."

मृणाली चहाचा ट्रे धरून तशीच उभी राहिली. बाप सत्काराला आलाच नाही म्हणून तेव्हा ती आठ दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

 मग गिरजाबाई म्हणाल्या, "लग्नात कसं करनार?"

"उभा राहीन. मधेच जरा बाहेर जाऊन येईन. तेवढं चालवून घ्या."

"चालंल." त्यांनी मामाला सरकायला लावून सतरंजीवर जागा केली. "इथं बसा. दाराजवळ."

तो बसला. मृणालीने चहा दिला. कप बशीत खडखडू लागला, तशा गिरजाबाई सरूकडे वळल्या. "यंदा वाल कसा झाला गो तुमचा?" सरू सांगू लागली, आणि सगळीच कडव्या वालांवर बोलायला लागली. मृणाली बापाला खेटून खाली बसली. थोडा चहा त्याच्या पँटवर सांडला. त्याने कप खाली ठेवला नाही. दोन्ही हातांनी धरून, एकेक घोट घेत, सगळा चहा त्याने तिथेच बसून संपवला.