रुमालाखालचा भाव

वसमतमध्ये माझी कामं दोन. लोकांचे पैसे म्युच्युअल फंडात लावून द्यायचे आणि स्वतःचे प्लॉटमध्ये. गेल्या वर्षी महारेराची परीक्षा देऊन एजंटचा परवानाही काढला. तेव्हा अमृतराव दलाल म्हणाले, "पल्लवीताई, लायसन भिंतीला लावा. सौदा रुमालाखालीच व्हतो."

त्यांचं खोटं नव्हतं. इथल्या जुन्या दलालांनी बैलबाजारातली रीत जमिनीला लावली आहे. रुमालाखाली हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. बाईनं परक्या पुरुषाचा हात कसा धरावा? म्हणजे बाई आपोआप सौद्याबाहेर. मला याची चीड होती, अजूनही आहे.

हिरासिंग यांचा औंढा रस्त्यावरचा कोपऱ्याचा प्लॉट मला स्वतःसाठी हवा होता. किती दिवस त्यावर डोळा होता माझा. त्यांना ट्रॅक्टर घ्यायचाय, प्लॉट विकणार आहेत, असं कळलं तशी मी तांड्यावर गेले. अमृतराव आधीच बाजेवर ठाण मांडून. रुमाल पसरलेला, दोघांचे हात आत. हिरासिंगची बायको जिवनबाई चहा घेऊन उभी.

"तुमचा आकडा माझ्या कानात सांगा," अमृतराव मला म्हणाले. "म्या बोटानं पोचवतो."

"मला तोंड आहे. प्लॉट कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या," जिवनबाई म्हणाली. "माझ्या भावानं घिऊन देलता."

तिनं कप खाली ठेवले आणि रुमाल ओढून घेतला. दोन बाप्यांचे हात एकमेकांत अडकलेले तसेच उघडे पडले.

"असा उघड्यावर सौदा व्हत न्हाई, जिवनबाई."

"काहून? नजर लागते का भावाला?" ती नवऱ्याकडे वळली. "किती म्हणून राहिले हे?"

हिरासिंगनी मान खाली घातली. "चौदा लाख."

"अन् तू गं, बाई?"

अठरा आणले होते मी. तेवढंच बोलले असते तर प्लॉट माझा होता. पण तिनं आत्ताच रुमाल ओढला होता; माझ्या तोंडावर दुसरा कसा टाकू?

"मावशी, आज मी घेणारी हाये, तुमची एजंट न्हाई. अठरा देते. पण एजंट म्हणून इचाराल तर इकू नका. रस्ता रुंद व्हणार हाये, मोजणी झाली, भाव चढंल. दोन वर्षं थांबा."

अमृतरावांनी कपाळावर हात मारून घेतला. मीही मनात मारून घेतला. आपल्याच हातानं पायावर धोंडा.

"अन् ट्रॅक्टर?" हिरासिंग पुटपुटले.

"भाड्यानं आणा," जिवनबाई म्हणाली.

प्लॉट गेला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मी चपला घालायला उठले.

जिवनबाईनं रुमालाची नीट घडी घालून अमृतरावांच्या मांडीवर ठेवली. "इकायचा व्हईल तवा हिलाच बोलावते. ही मोठ्यानं बोलते. तुमी बी या, ऐकायला."